पडद्यावरून हातात: कॅरेक्टरचं खेळणं करताना वाचकांना पडलेले प्रश्न

गेल्या अंकात डिजिटल स्कल्प्टिंगबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर शिल्प घडवण्याबद्दल, लिहिलं होतं, त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की स्क्रीनवर कॅरेक्टर तर तयार आहे पण ते शेल्फवर ठेवता येईल, हातात घेता येईल असं कसं करायचं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झेडब्रश या स्कल्प्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक योद्धा बनवलाय, चामड्याचं चिलखत, त्यावरची शिवण, चेहऱ्यावर जखमेची खूण, सगळं केलंय आणि रेंडर भारी दिसतं. पण मित्राच्या रेझिन प्रिंटरवर १५ सेंटीमीटरचा प्रिंट काढला तर सगळं गुळगुळीत आलं, शिवण दिसतच नाहीये आणि सपोर्ट, म्हणजे छापताना लागणारे आधार, काढताना तलवार तुटली. प्रिंटरची सेटिंग चुकली का?

सेटिंगचा थोडाफार भाग असेलही, पण मुख्य कारण स्कल्प्टमध्येच आहे. स्क्रीनवर आपण सतत झूम करून काम करतो त्यामुळे ही वस्तू शेवटी केवढी होणार हे डोक्यातून निघूनच जातं. हिशोब करून बघ, १८० सेंटीमीटर उंचीचा माणूस १५ सेंटीमीटरचा केला म्हणजे स्केल झालं १:१२, मग खऱ्या चिलखतावर १ मिलिमीटर खोल असलेली शिवण तुझ्या प्रिंटवर जेमतेम ०.०८ मिलिमीटर उरते. रेझिन प्रिंटर द्रव रेझिन उजेडाने थराथराने घट्ट करतो, त्याचा एक थरच साधारण ०.०५ मिलिमीटरचा असतो, आणि त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला की ती शिवण भरूनच जाते. त्यामुळे खेळण्यासाठी स्कल्प्ट करताना डिटेल मुद्दाम वाढवून करायचं असतं. उठाव किंवा खाच निदान ०.३ मिलिमीटर तरी धर, टाके संख्येने कमी कर पण मोठे कर, पापणीची कड, ओठांमधली रेघ, बोटांमधल्या फटी हे सगळं रेंडरला लागतं त्यापेक्षा खोल कर. स्क्रीनवर ते जरा भडक वाटेल, हातात आल्यावर बरोबर वाटतं.

एक गोष्ट तपासून बघ, ती शिवण खरंच मेशमध्ये, म्हणजे मॉडेलच्या त्रिकोणांच्या जाळ्यात, आहे की नॉर्मल मॅपमध्ये आहे? नॉर्मल मॅप फक्त प्रकाश कसा पडेल ते फसवतो, पृष्ठभाग तसाच सपाट राहतो, आणि प्रिंटरला टेक्स्चर, शेडर, चमक यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त आकार कळतो. डिस्प्लेसमेंट मॅप, म्हणजे पृष्ठभाग खरोखर वर-खाली करणारा, असेल तर तो मेशवर पक्का लावून घे आणि मगच एक्स्पोर्ट कर. तसंच सगळे रंग आणि टेक्स्चर बंद करून, साध्या राखाडी मटेरियलमध्ये, झूम आउट करून मॉडेल स्क्रीनवर बरोबर १५ सेंटीमीटरचं दिसेल असं ठेव आणि हातभर अंतरावरून बघ. तिथे जे दिसत नाही ते प्रिंटवरही फारसं दिसणार नाहीये.

आता तलवार. सुटी उभी राहणारी कोणतीही पातळ गोष्ट १ मिलिमीटरच्या खाली नेऊ नकोस, आणि वस्तू लोकांच्या हाताळण्यातली असेल तर दीड-दोन धर. पात्याची धार डोळ्याला पातळ वाटायला हवी ना, तर कडेला चपटा उतार दे आणि मधला कणा जाड ठेव, लांबून ते धारदारच दिसतं. पोझमध्येच तलवारीचं टोक कुठेतरी टेकवता आलं, बुटाला किंवा झग्याच्या कडेला, तर फारच चांगलं.

प्रश्न: प्रिंटसाठी पॉलिगॉन किती ठेवायचे? माझी फाइल ४ कोटी पॉलिगॉनची आहे आणि स्लायसर, म्हणजे प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारा प्रोग्राम, ती उघडतच नाही.

एका भागाला ५ ते १० लाख त्रिकोण भरपूर झाले, डेसिमेट करा, म्हणजे त्रिकोण कमी करा, त्या साइझला डोळ्याला फरक कळत नाही. चेहरा आणि हात जास्त घनतेचे ठेवा, पाठ आणि चौथरा बिनधास्त कमी करा. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.

प्रश्न: मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरते. स्लायसरमध्ये फाइल टाकली की मॉडेल मुंगीएवढं दिसतं आणि "मेशमध्ये दोष आहेत, दुरुस्त करू का" असं विचारतं. हो म्हटलं तर केसांचे गुच्छच गायब होतात.

दोन वेगळे घोळ आहेत. साइझचं कारण सोपं आहे, प्रिंटसाठी वापरतात त्या एसटीएल फाइलमध्ये एककच नसतं. थ्रीडी सिस्टिम्सने १९८७ च्या सुमारास हा फॉरमॅट काढला, त्यात नुसते त्रिकोण आणि आकडे साठवतात. ब्लेंडर १ म्हणजे एक मीटर धरतो, स्लायसर तोच १ म्हणजे एक मिलिमीटर धरतो, मग १.८ मीटरचं कॅरेक्टर १.८ मिलिमीटरचं होणारच. सीनचं एकक सुरुवातीलाच असं लावा की १ म्हणजे एक मिलिमीटर होईल, किंवा थ्रीएमएफ हा फॉरमॅट वापरा, त्यात एकक सोबत जातं.

दोषांचं म्हणाल तर नियम असा आहे की प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठांना जोडलेली हवी, त्याहून कमी म्हणजे कुठेतरी भोक आहे, जास्त म्हणजे आत काहीतरी भलतंच चिकटलंय. गेमसाठी केस हे बहुतेक वेळा जाडी नसलेल्या सपाट पट्ट्यांनी करतात आणि तुमचंही तेच असणार, जाडीच नाही म्हणून दुरुस्ती करणारा प्रोग्राम त्या पट्ट्या टाकून देतो. त्याला आयता उपाय नाही, केस जाड गुच्छांनी नव्याने स्कल्प्ट करायला लागतील, आणि खरं सांगायचं तर खेळण्याचे केस मोठ्या, वाहत्या, स्पष्ट आकारांचेच छान दिसतात, बट न् बट दाखवायच्या नादात सगळं केसाळ होऊन बसतं. ते झाल्यावर शरीर, कपडे, पट्टे, बटणं जे एकमेकांत घुसवून ठेवलंय ते बूलियन किंवा व्हॉक्सेल रीमेश या आकार एकत्र करणाऱ्या सोयींनी एकसंध करा आणि नॉर्मल्स, म्हणजे पृष्ठांच्या दिशा, सगळ्या बाहेरच्या बाजूला आहेत ना बघा. स्लायसरवर हे काम सोपवू नका.

प्रश्न: पूर्ण मॉडेल एका तुकड्यात छापायचं की भाग पाडायचे? भाग पाडले तर जोड दिसतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

भाग पाडा. मी तर म्हणेन की या सगळ्या कामात भाग कुठे पाडायचे हे ठरवणं हेच खरं कौशल्य आहे, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. तुम्हाला जोड दिसतात कारण तुम्ही बहुतेक दंडाच्या मध्यावर किंवा मांडीवर सरळ काप घेतलाय. काप तिथे घ्यायचा जिथे डिझाइनमध्येच रेघ आहे, पट्ट्याच्या खाली, कॉलरच्या आत, हातमोज्याच्या कडेला, केस कपाळाला टेकतात तिथे. चिलखताचा तुकडा असेल तर तो तुकडाच वेगळा करा. बघणाऱ्याला तो जोड वाटतच नाही.

कापाचा विचार तीन बाजूंनी करायचा असतो. प्रिंट करताना प्रत्येक भाग असा वळवता आला पाहिजे की सपोर्ट दिसणाऱ्या बाजूला येणार नाहीत. पुढे साचा करणार असाल तर तो भाग साच्यातून बाहेर निघाला पाहिजे, म्हणजे बोटं वळून तळव्याला टेकलेली मूठ किंवा अंगाला चिकटलेला हात यात साचा अडकतो. आणि रंगवताना जिथे रंग बदलतो तिथेच काप असेल तर मास्किंग टेप लावत बसावं लागत नाही, चेहरा आणि केस वेगळे असले तर कपाळाची कड आपोआप स्वच्छ मिळते.

जोडाला खुंटी आणि खाच द्या, पण गोल खुंटी नको, हात फिरतो आणि पोझ बिघडते. इंग्रजी डी अक्षरासारखा किंवा चौकोनी आकार घ्या, टोकाकडे किंचित निमुळता, म्हणजे एकाच पद्धतीने बसतो. रेझिन प्रिंटला दर बाजूला ०.१ ते ०.१५ मिलिमीटर मोकळीक ठेवा, प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या फिलामेंट प्रिंटला ०.२ ते ०.३, आणि आत रंग जाणार असेल तर थोडी आणखी. पूर्ण मॉडेल छापायच्या आधी नुसती खुंटी आणि खाच छापून बसवून बघा, पुढची बरीच घासाघीस वाचते.

प्रश्न: रेझिन वाचवायला मॉडेल पोकळ केलं. छापलं तेव्हा सुंदर होतं, काही आठवड्यांनी पाठीला तडा गेला आणि आतून चिकट पाणी यायला लागलं.

ते पाणी म्हणजे आत अडकलेलं न पिकलेलं, म्हणजे घट्ट न झालेलं, रेझिन. ते भिंतीत मुरत राहतं, भिंतीवर ताण येतो आणि शेवटी ती फुटते. भिंत २ ते ३ मिलिमीटर ठेवा आणि निदान दोन भोकं द्या, ३ मिलिमीटर किंवा मोठी, एक खालच्या टोकाला आणि एक विरुद्ध टोकाला. एकच भोक असेल तर हवा आत येत नाही आणि द्रव बाहेर पडत नाही, शिवाय प्रत्येक थर उचलताना टाकीच्या तळाच्या फिल्मला व्हॅक्यूम धरतं आणि प्रिंट फाटतो. छापून झाल्यावर सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल आत मारून मारून स्वच्छ निघेपर्यंत धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आतल्या बाजूलाही ४०५ नॅनोमीटरच्या छोट्या एलईडीने उजेड द्या. त्यानंतरच भोकं बंद करायची.

आणि हातमोजे घालताय ना? नायट्राइलचे घाला, दर वेळी. कच्च्या रेझिनची ॲलर्जी हळूहळू साठत जाऊन होते, आज काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं अजिबात नसतं, आणि एकदा झाली की हे काम सोडावं लागतं. चांगले कलाकार यामुळे थांबलेले आहेत म्हणून कळकळीने सांगतेय.

प्रश्न: प्रिंटवरून सिलिकॉनचा साचा केला. बाहेरून घट्ट झाला पण मॉडेलला लागून असलेला भाग चिकटच राहिला, मॉडेलही खराब झालं. सिलिकॉन जुनं होतं का? आणि साचा नीट झाल्यावर बुडबुडे कसे टाळायचे?

जुनं नसणार. तुमचं सिलिकॉन प्लॅटिनम प्रकारचं असणार आणि हे सिलिकॉन काही पदार्थांपाशी पिकतच नाही, गंधक असलेली क्ले, लॅटेक्सचे हातमोजे, आणि तुमच्या बाबतीत नीट न पिकलेलं यूव्ही रेझिन. प्रिंट कितीही कोरडा वाटला तरी पृष्ठभागावर अंश उरतो. नीट धुवा, जास्त वेळ क्युअर करा, म्हणजे यूव्ही उजेडात पिकवा, काही दिवस उघड्यावर राहू द्या, मग ॲक्रिलिक लॅकरचा पातळ थर द्या. तरीही आधी तळपायासारख्या न दिसणाऱ्या जागी थेंबभर सिलिकॉन लावून पिकतंय का बघा. ही चाचणी कधीच चुकवू नका, मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा करायचा ते मूळ मॉडेल, एकच असतो. दुसरा रस्ता म्हणजे टिन प्रकारचं सिलिकॉन, ते प्रिंटवर सहसा नखरे करत नाही, पण किंचित जास्त आकसतं आणि साचा वर्षानुवर्षं टिकत नाही. छोट्या बॅचला मला ते चालतं, नाजूक खुंट्या असलेल्या बहुभागी मॉडेलला प्लॅटिनमच घ्यावं.

बुडबुड्यांसाठी आधी साचाच नीट करा. हवा वरच जाणार, त्यामुळे बोटांची टोकं, नाक, हनुवटी, केसांची टोकं जिथे उलट्या स्थितीत वर येतात तिथून बाहेर जायला वाट हवी. मॉडेल थोडं तिरकं ठेवलं तर निम्मे बुडबुडे तिथेच संपतात. त्यानंतर प्रेशर पॉट. साच्यात पॉलियुरेथेन रेझिन, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं प्लास्टिक, ओतून भांडं ४० ते ६० पीएसआय दाबाखाली ठेवलं की बुडबुडे दाबून दिसेनासे होतात. पण एक गोष्ट बरेच जण विसरतात, साचाही त्याच दाबाखाली पिकवलेला पाहिजे, नाहीतर सिलिकॉनमधले बुडबुडे कास्टिंगच्या वेळी दबतात आणि प्रत्येक कास्टवर, म्हणजे साच्यातून निघालेल्या प्रतीवर, बारीक पुटकुळ्या येतात. त्या दाबासाठी बनवलेलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलंच भांडं वापरा, स्वयंपाकाचा कुकर वगैरे जुगाड अजिबात नको, तो फुटला तर जीवावर बेतेल.

पॉलियुरेथेनला दमटपणा चालत नाही, पावसाळी हवेत उघडी ठेवलेली बाटली पुढच्या वेळी फेस काढते, आणि त्यातल्या आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनामुळे खिडक्या उघड्या हव्यात, रेस्पिरेटर हवा. एका साच्यातून साधारण दोन-तीन डझन चांगले कास्ट निघतात, मग बारीक जागा फाटायला लागतात. त्यामुळे पहिला निर्दोष कास्ट विकू नका, तो पुढच्या साच्यासाठी ठेवून द्या.

प्रश्न: आम्ही तिघी मिळून एक गोलमटोल राक्षसाचं कॅरेक्टर काढलंय, लोकांना आवडतंय, काहीशे पीस करायचा विचार आहे. रेझिन, सॉफ्ट व्हिनाइल की फॅक्टरीतलं इंजेक्शन मोल्डिंग? स्कल्प्ट तयार आहे.

"स्कल्प्ट तयार आहे" हे वाचून थोडी थांबले, कारण यातली पद्धत कोणती घेताय त्यावर स्कल्प्टच बदलतो. म्हणून पद्धत आधी ठरवायची आणि स्कल्प्ट तिच्यासाठी करायचा असं मी प्रत्येकाला सांगते.

पन्नासेक पीस असतील तर रेझिन, हातानेच. डिटेल सगळ्यात चांगलं येतं, पण पडलं की फुटतं, आणि प्रत्येक पीस घासून रंगवायला वेळ जातो, काहीशे पीस म्हटल्यावर तिघींचे हात मोडतील.

तुमच्या राक्षसाला मनापासून सुचवेन ते सॉफ्ट व्हिनाइल. जपानमध्ये ही परंपरा फार जपलेली आहे. मास्टरवरून मेणाची प्रत करतात, मेणावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा जाड थर चढवतात, मेण वितळून काढलं की तांब्याचा पोकळ साचा उरतो. त्यात पातळ पीव्हीसी, म्हणजेच द्रव व्हिनाइल, भरायचं, गरम तेलात बुडवायचं, साच्याला लागून असलेला थर घट्ट झाला की मधलं उरलेलं ओतून परत घ्यायचं, पुन्हा तापवायचं, आणि गरम मऊ असतानाच पक्कडने तोंडातून ओढून बाहेर काढायचं. ओढून काढताना ते दबतं आणि बाहेर आल्यावर परत आकाराला येतं, म्हणून सांधे नसलेल्या एकसंध साच्यातूनही फुगीर पोट आणि गाल निघतात. पण म्हणूनच ज्या तोंडातून ते ओढायचं, म्हणजे मान, खांदा, कंबर, ते पुरेसं रुंद हवं, आणि बारीक बोटं, टोकदार शिंगं, खोल अरुंद खाचा टाळायच्या कारण तिथे हवा अडकते. मेण आकसतं, मग व्हिनाइलही आकसतं, त्यामुळे मास्टर ठरलेल्या मापापेक्षा मोठा करावा लागतो. किती मोठा ते साचा करणाऱ्यालाच आधी विचारा, सगळ्यांचं प्रमाण सारखं नसतं. गोलमटोल आकाराला ही पद्धत अगदी शोभते.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरतात, त्यात सगळा खर्च स्टीलच्या साच्याचा, एक पीस नंतर स्वस्त पडतो पण साच्याचा खर्च काहीशे पीसवर निघत नाही, हजारोंवर निघतो. तिथे भिंती एकसारख्या जाडीच्या हव्यात नाहीतर जाड जागी खड्डा पडतो, साच्यातून सुटायला भिंतीला १-२ अंशांचा उतार हवा, अंडरकट, म्हणजे साचा अडकेल अशा आत वळलेल्या जागा, जवळजवळ चालत नाहीत. तुम्ही कधी त्या वाटेने गेलातच तर २००१ मध्ये आलेलं मेडिकॉम टॉय या जपानी कंपनीचं बेअरब्रिक हे अस्वलाच्या आकाराचं खेळणं नीट अभ्यासा. आकार एकच, साधा, आणि त्यावर दर वेळी नवा रंग आणि नवी छपाई, म्हणजे महागडा साचा परत परत कामाला येतो. तुमच्या राक्षसाचा आकारही साधा आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हा विचार करून ठेवलात तर पुढे उपयोग होईल.

प्रश्न: एका प्रसिद्ध कॅरेक्टरचा फॅन स्कल्प्ट केलाय, मागणी खूप आहे. थोडेच पीस विकले तर चालतं ना?

नाही चालत. पीस कमी म्हणून हक्क बदलत नाहीत, आणि "फॅन आर्ट आहे" असं लिहिल्यानेही बदलत नाहीत. स्वतःच्या शेल्फसाठी, शिकण्यासाठी करा, पोर्टफोलिओत दाखवायचं असेल तर कॅरेक्टर कोणाचं आहे ते लिहा. विकायचं असेल तर परवानगी. जपानच्या वंडर फेस्टिव्हल या फिगर आणि मॉडेलच्या प्रदर्शन-विक्रीची पद्धत मला फार आवडते, तिथे हौशी शिल्पकार आधी अर्ज करतात, नमुना तपासून घेतात आणि मूळ हक्कदार त्यांना फक्त त्या एका दिवसापुरती, त्याच जागेपुरती विकायची परवानगी देतात. शिल्पकारालाही मान आणि मूळ कलाकारालाही. अशी सोय सगळीकडे नाही, म्हणून स्वतःचं कॅरेक्टर घडवण्यात वेळ घाला, तुमच्या स्कल्प्टमध्ये जीव आहे, तो दुसऱ्याच्या नावावर का खर्च करायचा.

प्रश्न: डब्यावर "१४ वर्षांवरील" लिहिलं की खेळण्यांचे सुरक्षिततेचे नियम लागत नाहीत असं ऐकलंय.

नुसतं लिहून भागत नाही, वस्तू लहान मुलांच्या खेळण्यासारखी दिसत असेल, तशी विकली जात असेल तर तपासणारे तसंच धरतात. युरोपात ईएन ७१, अमेरिकेत एएसटीएम एफ९६३ अशी मानकं आहेत, जिथे विकणार तिथले नियम आधी वाचा. डिझाइन करताना एक माप कायम लक्षात ठेवा, ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणीच्या नळकांड्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो तो ३ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. म्हणजे तुमच्या कॅरेक्टरची सुटी टोपी, छोटी तलवार, निघणारे डोळे. रंगातलं शिसं आणि पीव्हीसीमधले थॅलेट, म्हणजे ते मऊ करणारी रसायनं, यांनाही मर्यादा आहेत, अमेरिकेत रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही आणि युरोपात ठरावीक थॅलेट ०.१ टक्क्याच्या वर. फॅक्टरीकडून माल घेताना याचा चाचणी अहवाल मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी फॅक्टरी बघा.

प्रश्न: व्हिनाइलचं खेळणं घरी रंगवलं, महिने झाले तरी रंग चिकटच आहे. शिवाय दुसरं एक पीव्हीसीचं फिगर हळूहळू पुढे झुकायला लागलंय.

व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतो, तो हळूहळू बाहेर येतो आणि एनॅमलसारखे रंग मऊ करून टाकतो, ते कधीच वाळत नाहीत. हा रंग काढावाच लागेल. आधी आतल्या बाजूला थोडा थिनर लावून प्लास्टिक विरघळत नाहीये ना बघा, मग कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन खास व्हिनाइलसाठीचे रंग पातळ थरांत मारा.

झुकणारं फिगर ही उष्णतेची आणि वजनाची गोष्ट आहे, सगळा भार एका बारीक घोट्यावर असला की पीव्हीसी हळूहळू वाकतं. गरम, पण उकळतं नाही अशा पाण्यात तो पाय मऊ होईपर्यंत धरा, सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. उन्हापासून आणि दिव्याच्या उष्णतेपासून लांब ठेवा, कमरेला पारदर्शक आधार द्या. स्वतः डिझाइन करत असाल तर भार घेणाऱ्या पायात मांडीपर्यंत धातूची सळई जाईल एवढी जागा स्कल्प्टमध्येच सोडा आणि ती खाली चौथऱ्यात उतरवा.